बी-१ चा वर्ग उघडा: विद्यापरिषदेस आणि विदेशी भाषा अभ्यास मंडळास खुले पत्र

मा. कुलगुरू, विद्यापरिषदेचे सन्माननीय सदस्य आणि विदेशी भाषा अभ्यास मंडळाचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी. इथूनच मी स्पॅनिशचं प्रमाणपत्र घेतलं, पुढच्या वर्षी पदविका केली. तिसऱ्या वर्षी प्रगत पदविकेसाठी, म्हणजे भाषेच्या ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांपैकी तिसऱ्या, बी-१ पातळीच्या वर्गासाठी, आम्ही अकरा जणांनी अर्ज भरले आणि शुल्काच्या पावत्या घेतल्या. जुलै संपता संपता विभागाच्या फलकावर एक कागद लागला. ‘पुरेशा प्रवेशसंख्येअभावी सदर वर्ग यावर्षी सुरू करता येणार नाही. विद्यार्थ्यांनी शुल्कपरताव्यासाठी लेखा विभागाशी संपर्क साधावा.’ अट पंधरा जणांची होती, चार कमी पडले. त्याच फलकावर शेजारी प्रमाणपत्र वर्गाच्या दोन तुकड्यांच्या याद्या होत्या, प्रत्येकी साठ नावांच्या. पैसे वेळेवर परत मिळाले, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. बी-१ चा वर्ग माहितीपत्रकात दर वर्षी छापला जातो, पण या सहा वर्षांत तो एकदाही भरलेला नाही. म्हणजे दर वर्षी शंभरावर मुलामुलींना आपण स्पॅनिशच्या उंबऱ्यापर्यंत आणतो आणि दार लोटून घेतो. हे दार उघडावं एवढीच माझी मागणी आहे. पण ती नुसती मांडून भागणार नाही. दाराच्या आत काय आहे आणि बाहेर राहिल्याने काय जातं, हे ज्यांनी ती भाषा शिकली नाही त्यांना दिसणं अवघड आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ए-१ आणि ए-२ या दोन पातळ्यांत आम्ही नाव-गाव सांगायला शिकलो, भाजी घेताना भाव विचारायला, रस्ता विचारायला, कालचा दिवस कसा गेला ते चार वाक्यांत सांगायला शिकलो. ही शिदोरी लहान नाही. आमच्या बाईंनी ती फार मनापासून दिली. पण कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ज्या चौकटीवर आपला अभ्यासक्रम बेतला आहे, तिच्यातच लिहिलं आहे की ए पातळीचा माणूस हा भाषेचा प्राथमिक वापर करणारा. भाषेत स्वतंत्रपणे वावरू लागतो तो बी-१ आणि बी-२ ला. आपलं मत सांगणं, कारण देणं, झालेली गोष्ट नीट क्रमाने सांगणं, समोरच्याचं म्हणणं खोडणं, हे सगळं बी पासून पुढे. नोकरीच्या जाहिरातींत स्पॅनिशसमोर बहुतेक वेळा बी-२ लिहिलेलं असतं. आपण मुलांना ए-२ ला सोडतो.

माझ्यावर बेतलेला एक प्रसंग सांगते. पदविकेनंतर मला एका कंपनीत काम मिळालं. यंत्रांचे सुटे भाग मेक्सिकोला जायचे, तिथल्या लोकांशी आठवड्याला फोन व्हायचा आणि त्याचं टिपण मी करायचं. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात तिकडचे गृहस्थ म्हणाले, ‘सी उबिएरा येगादो एल मातेरिआल, आब्रीआमोस तेर्मिनादो.’ मला ‘येगादो’ कळलं, म्हणजे पोचलेलं. ‘मातेरिआल’ कळलं, ‘तेर्मिनादो’ कळलं. मी लिहिलं, माल पोचला, काम संपलं. प्रत्यक्षात ते म्हणाले होते, माल आला असता तर आमचं काम संपलं असतं. माल वाटेतच अडकला होता. माझ्या टिपणावर विसंबून इकडे पुढची खेप थांबवली गेली आणि तो घोळ निस्तरायला दहा दिवस लागले. वरिष्ठांनी समजून घेतलं, पण त्या दहा दिवसांत मला रात्री झोप लागली नाही.

मी ते वाक्य नंतर कागदावर लिहून काढलं आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. ‘आला असता तर... संपलं असतं.’ हे मराठीत मी वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून बोलते आहे. ‘उबिएरा येगादो’ म्हणजे ‘आला असता’, ‘आब्रीआमोस तेर्मिनादो’ म्हणजे ‘आम्ही संपवलं असतं’. सांगाड्याला सांगाडा जुळतो. कुणी एका तासात फळ्यावर ही दोन वाक्यं शेजारी लिहून दाखवली असती, तर मी ती चूक जन्मात केली नसती. तो तास बी पातळीच्या अभ्यासक्रमात होता आणि तो वर्ग आमच्यासाठी भरलाच नाही.

ए-२ नंतर स्पॅनिशमध्ये जे काही येतं, ते मराठी माणसाला आश्चर्य वाटावं इतकं ओळखीचं आहे. मला हे खूप उशिरा, एकटीने धडपडत समजलं. तुमच्यासमोर मांडते.

भूतकाळ घ्या. स्पॅनिशमध्ये साधा भूतकाळ दोन रूपांत चालतो आणि कुठलं कुठे वापरायचं यात विद्यार्थी वर्षानुवर्षं अडकतो. ‘फुइ’ म्हणजे गेले. ‘इबा’ म्हणजे जायचे, किंवा जात होते. लहानपणी मी आजोळी जायचे, इथे ‘इबा’. परवा मी आजोळी गेले, इथे ‘फुइ’. इंग्रजीतून शिकवताना या फरकासाठी पानभर नियम आणि अपवाद द्यावे लागतात. मराठीत ‘जायचे’ आणि ‘गेले’ यांची गल्लत कुठलंही पोर करत नाही. आणखी पुढे जा. ‘साबीआ’ आणि ‘सुपे’ ही एकाच ‘साबेर’ क्रियापदाची दोन भूतकाळी रूपं. पुस्तकात दोन्हींचा अर्थ ‘जाणणे’ असाच दिलेला असतो. पण ‘साबीआ’ म्हणजे मला माहीत होतं, आणि ‘सुपे’ म्हणजे मला कळलं. तसंच ‘कोनोसीआ’ म्हणजे मी त्याला ओळखत होते, ‘कोनोसी’ म्हणजे त्याची माझी ओळख झाली. ज्या भाषेत माहीत असणं वेगळं आणि कळणं वेगळं, त्या भाषेच्या मुलांना हा फरक एका वाक्यात देता येतो.

मग येतो सुबखुंतीवो. स्पॅनिश शिकणारे याच्या नावानेच धसका घेतात. इच्छा, विनंती, शंका, शक्यता बोलायची असली की क्रियापदाचं रूप बदलतं. ‘तू येतोस’ याला ‘बिएनेस’. पण ‘तू यावंस असं मला वाटतं’ याला ‘किएरो के बेंगास’. यावं, यावंस, करावं, असावं. शाळेच्या व्याकरणात आम्ही याला विध्यर्थ म्हणून पाठ केलं होतं, आणि ते पाठ केलेलं आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं ते स्पॅनिशमध्ये. देव करो आणि पाऊस पडो, यातल्या ‘पडो’लासुद्धा तिथे हेच रूप आहे आणि ‘देव करो’च्या जागी ‘ओखाला’ हा एक शब्द, जो अरबीतून स्पेनमध्ये आला.

मात्र सगळंच जुळत नाही, आणि शिक्षक लागतो तो इथेच. ‘तू आलास की मला सांग’ यात आपण ‘आलास’ म्हणतो, भूतकाळाचं रूप वापरतो. स्पॅनिशमध्ये ती गोष्ट अजून घडायची आहे म्हणून तिथेही सुबखुंतीवो, ‘कुआंदो बेंगास’. ‘तो येईल असं मला वाटत नाही’ यात आपला सरळ भविष्यकाळ, त्यांचा पुन्हा सुबखुंतीवो. कुठे मराठीचं बोट धरून चालायचं आणि कुठे ते सोडायचं, हे पुस्तकातून कळत नाही. मोबाइलवरच्या ॲपमधून तर मुळीच कळत नाही. तो हिरवा बरोबरचा शिक्का दाखवतो, पण का बरोबर ते सांगत नाही. मी आठ महिने ‘कुआंदो’नंतर चुकीचं रूप वापरत होते. समोरच्या माणसांना माझं म्हणणं कळत होतं, म्हणून कुणी टोकलं नाही.

हे लिहिताना मनातली एक जुनी गोष्ट वर येते. प्रवेशाच्या वेळी माझं मराठी माध्यमाचं प्रमाणपत्र पाहून मला सांगण्यात आलं होतं की आधी इंग्रजी पक्कं करा, मग स्पॅनिशकडे वळा. मी सांगोल्याची, दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि मग गावातल्या मराठी शाळेत शिकलेली. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, कारण वर्गात सगळं इंग्रजीतूनच समजावलं जायचं. माझ्यासोबत बार्शीचा एक मुलगा होता, कान फार तयार. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, त्याच चालीत म्हणून दाखवायचा. इंग्रजीतले व्याकरणाचे खुलासे डोक्यावरून जातात म्हणून त्याने पहिल्याच सत्रात वर्ग सोडला. पहिल्याच महिन्यात ‘मे गुस्ता’ शिकवताना आम्हाला इंग्रजी वाक्य उलटंपालटं करून समजावलं होतं, की आंबा मला आनंद देतो असं धरून चाला. ‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात’ एवढं कुणी म्हटलं असतं तर विषय संपला होता. ‘मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस.’ क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं, तिकडेही आणि इकडेही. आपल्या संलग्न महाविद्यालयांत मराठी माध्यमातून आलेली मुलं बहुसंख्य आहेत. इंग्रजी ही स्पॅनिशकडे जायची एकमेव वाट नाही, आणि आमच्यासाठी ती जवळची तर नाहीच.

आता थोडा तासांचा हिशेब.

आपलं प्रमाणपत्र १२० तासांचं, पदविका १२० तासांची. एकूण २४०. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषाप्रशिक्षण संस्था आहे, ती आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिशमध्ये कामकाज करता येईल इतकं तयार करायला साधारण ६०० ते ७५० तास धरते. तेही इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी, ज्यांना ही सोप्या गटातली भाषा मानली जाते, आणि छोट्या तुकड्यांत, पूर्ण वेळ. आपण जिथे थांबतो तो या रस्त्याचा साधारण तिसरा हिस्सा आहे.

आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर आपण आणखी अलीकडे आलो आहोत. आता पदवीच्या मुलांना स्पॅनिश खुला ऐच्छिक विषय म्हणून दोन श्रेयांकांना घेता येतं. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले पंधरा तास. दोन म्हणजे तीस. तीस तासांत मुळाक्षरं, अंक, वार, कुटुंबातली नाती आणि ‘ओला, कोमो एस्तास’ एवढंच होतं. बरं, पुढच्या सत्रात भाग दोन आहे का? नाही. तिथे पुन्हा भाग एकच, नव्या मुलांसाठी. माझ्या मामेबहिणीने हा विषय घेतला होता. तिला पुढे शिकायचं होतं. कार्यालयात तिला सुचवण्यात आलं की जर्मन भाग एक घे. ती आता दोन भाषांत स्वतःचं नाव सांगू शकते. इतकी हुशार मुलगी, तिच्या वेळेचं आपण काय केलं याचा विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं.

वर्ग न भरण्याची दोन कारणं मला प्रत्येक वेळी सांगितली गेली. पहिलं, विद्यार्थी कमी. दुसरं, शिक्षक नाहीत.

विद्यार्थी कमी होणारच. साठांच्या दोन तुकड्यांतून पदविकेला पस्तीस-चाळीस येतात, त्यातले दहा-बारा पुढे येऊ पाहतात. वर चढताना संख्या घटते. गणिताच्या एम.एस्सी.ला बी.एस्सी.इतकी मुलं नसतात म्हणून आपण एम.एस्सी. बंद करत नाही. शिवाय बी पातळीवर प्रत्येकाला प्रत्येक तासाला बोलायला मिळालं पाहिजे, त्यासाठी दहा-बारांचीच तुकडी योग्य. पंधराची अट प्रमाणपत्र वर्गाच्या हिशेबाने ठरली असावी आणि तीच वरपर्यंत लावली गेली असावी. ती बदलणं विद्यापरिषदेच्या हातात आहे. आणि एका वर्षी अकराच असले, तर पुढच्या वर्षीचे मिळून वीस होतील. एक वर्षाआड वर्ग चालवा. मुलांना आधी कळलं तर ती थांबतील. जुलैच्या शेवटी कागद लावून परत पाठवलेली मुलं मात्र पुन्हा येत नाहीत. आम्हा अकरांपैकी सहा जणांनी स्पॅनिश त्याच वर्षी सोडली.

शिक्षकांचं दुखणं खरं आहे आणि ते जास्त खोल आहे. आमच्या बाई तासिका तत्त्वावर होत्या. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी आमच्याकडे. मानधन सत्र संपल्यावर कधीतरी जमा व्हायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. त्यांचं स्पॅनिश उत्तम होतं. पदविकेच्या दुसऱ्या सत्राच्या मध्यावर त्यांना एका कंपनीत अनुवादाचं काम मिळालं आणि त्या गेल्या. शेवटच्या तासाला त्यांनी आम्हाला स्वतःच्या वह्यांच्या झेरॉक्स दिल्या. मी त्या अजून वापरते. त्यांना दोष कसा देऊ? जी व्यक्ती सी-१ पर्यंत पोचली आहे तिला बाहेर याच्या कितीतरी पट मिळतं. आणि इथेच हे चक्र आहे. वरचा वर्ग नाही म्हणून आपल्याकडे वरचे विद्यार्थी तयार होत नाहीत, वरचे विद्यार्थी नाहीत म्हणून शिक्षक तयार होत नाहीत, शिक्षक नाहीत म्हणून वर्ग नाही. हे कुठेतरी विद्यापीठानेच तोडावं लागेल. स्पॅनिशसाठी एक, फक्त एक, पूर्णवेळ पद. दिल्लीला जेएनयूत मुलं स्पॅनिशचं एक अक्षर न येता बी.ए.ला जातात आणि तिथेच एम.ए., पीएच.डी.पर्यंत शिकतात. हैदराबादच्या इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठातही पदवीची सोय आहे. म्हणजे हे या देशात, सरकारी विद्यापीठात, सरकारी शुल्कात होऊ शकतं.

शेजारच्या भाषांची स्थिती बघा. ज्याला जर्मन पुढे शिकायचं त्याला महाराष्ट्रात मॅक्स म्युलर भवन आहे, फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज आहे. स्पेनच्या सरकारची तशी संस्था म्हणजे इन्स्तितुतो सेर्वांतेस. तिचं भारतातलं केंद्र २००९ पासून नवी दिल्लीत आहे. इकडच्या मुलांनी बी-१ कुठे करायचं? खाजगी वर्ग आहेत, काही चांगलेही आहेत. मी तीन वर्षं तेच केलं, पगाराचा चौथा हिस्सा देऊन. शेवटी बी-२ ची डेले, म्हणजे सेर्वांतेस संस्थेची स्पॅनिशची प्रमाणपत्र परीक्षा, उत्तीर्ण झाले. मला नोकरी होती म्हणून हे जमलं. ज्याला घरी पैसे पाठवायचे आहेत त्याला नाही जमणार. सार्वजनिक विद्यापीठ अशाच मुलांसाठी असतं ना?

‘पण उपयोग काय, स्पेन आणि मेक्सिको आपल्यापासून किती लांब’ असंही मी ऐकलं आहे. वीस देशांची ही राजभाषा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांपैकी एक आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मी घरातलं सांगते.

आमची डाळिंबाची बाग आहे, सव्वा एकर, भगवा वाण. दोन वर्षांपूर्वी हस्त बहाराची फळं काढणीला आली आणि तडकायला लागली. वडील हताश होऊन बांधावर बसून होते. स्पेनमध्ये आलिकान्ते प्रांतात एल्चे नावाचं शहर आहे, तिथलं डाळिंब नावाजलेलं आहे. डाळिंबाला स्पॅनिशमध्ये ‘ग्रानादा’ म्हणतात, आणि फळ तडकण्याला ‘राखादो’. मी तिकडच्या शेतकऱ्यांसाठी काढलेलं एक माहितीपत्रक शोधून काढलं आणि बांधावर बसूनच वाचायला लागले. ‘से रेकोमिएन्दा के एल रिएगो सेआ रेगुलार...’ पाणी नियमित असावं अशी शिफारस आहे. माती एकदम कोरडी पडू देऊ नये. ताणानंतर एकदम भरपूर पाणी देऊ नये. वडिलांनी मान वर केली आणि म्हणाले, ‘हे तर आपल्या कृषी खात्याच्या कागदावानीच बोलतंय की. द्यावं, करावं, असावं.’ बरोबर ओळखलं त्यांनी. आपल्याकडच्या प्रत्येक कृषिपत्रिकेत ‘फवारणी करावी, छाटणी करावी’ असतं, तिकडे त्याच जागी सुबखुंतीवो असतो. सल्ला नवा नव्हता, सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राचे लोकही पाण्याबद्दल हेच सांगतात. पण दुसऱ्या टोकाच्या शेतकऱ्यालाही हेच भोगावं लागतं, हे ऐकून ते त्या संध्याकाळी जरा सावरले. पुढच्या बहाराला त्यांनी ठिबकचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. ए-२ च्या जोरावर मला त्या पत्रकातलं ‘डाळिंब लाल आहे’ एवढंच वाचता आलं असतं.

आणि हे नातं काही माझ्यापासून सुरू झालेलं नाही. वर्ध्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे परदेशातून स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या गदर चळवळीत होते. इंग्रजांमुळे मायदेशी परतणं शक्य नव्हतं, तेव्हा ते मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. १९६७ साली नागपुरात त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला, लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. विदर्भातल्या या माणसाने मेक्सिकोच्या शेतकऱ्याला त्याच्या मक्याबद्दल समजावून सांगितलं ते त्याच्याच भाषेत. त्यांच्या मेक्सिकोतल्या वर्षांचा शोध घ्यायचा तर तिथले कागद स्पॅनिशमध्ये वाचावे लागतील. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत इतिहासाचे आणि कृषीचे संशोधक आहेत. त्यांना हे कागद वाचून दाखवणारं माणूस आपण तयार करतो आहोत का?

आता नेमकं काय हवं ते लिहिते, म्हणजे हे पत्र अभ्यास मंडळाच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घेता येईल. बी-१ च्या वर्गासाठी किमान संख्येची अट पंधरावरून आठवर आणावी, आणि तेवढीही झाली नाही तर शेजारच्या संलग्न महाविद्यालयांतली मुलं एकत्र करून तुकडी भरावी. आठवड्यात दोन दिवस ऑनलाइन आणि शनिवारी समोरासमोर असं केलं तर गावाकडची मुलंही येऊ शकतील. प्रवेशाला आमच्याच पदविकेची सक्ती नको, एक छोटी पातळीचाचणी ठेवा, म्हणजे बाहेर शिकून आलेल्यांनाही जागा मिळेल. खुल्या ऐच्छिक विषयात भाग दोन आणि भाग तीन सुरू करा, आणि ते श्रेयांक पदविकेत धरा. व्याकरणाचा खुलासा मराठीतून करायला शिक्षकांना लेखी मुभा द्या. आज तो चोरून करावा लागतो.

परीक्षेबद्दल मात्र थोडं जास्त बोलायला हवं. आमच्या पदविकेला शंभरपैकी ऐंशी गुण लेखी होते, त्यातही गाळलेल्या जागा भरा आणि रूपं चालवा. तोंडी परीक्षा पाच मिनिटांची. पाठ केलेला परिच्छेद म्हणून मुलं सुटायची. डेलेच्या बी-१, बी-२ परीक्षेत चार भाग दोन गटांत बांधलेले असतात. एका गटात वाचन आणि लेखन, दुसऱ्यात ऐकणं आणि बोलणं. प्रत्येक गट पन्नास गुणांचा आणि प्रत्येकात वेगळे तीस मिळवावे लागतात. म्हणजे लिहिण्यात कितीही हुशार असलात तरी ऐकायला-बोलायला येत नसेल तर उत्तीर्ण होता येत नाही. आपल्या परीक्षेची बांधणी अशी केली, तर वर्गातलं शिकवणं आपोआप बदलेल. परीक्षेत जे विचारतात तेच वर्गात चालतं, हे आपण सगळेच जाणतो. मला फोनवरचं ते वाक्य कळलं नाही, कारण दोन वर्षांत मी स्पॅनिश ऐकली ती बहुतेक संथ, स्वच्छ, माद्रिदच्या उच्चारातल्या ध्वनिफितीवर. घाईत बोलणारा, मध्येच वाक्य तोडणारा मेक्सिकन माणूस मी कधी ऐकलाच नव्हता.

पुढच्या वर्षीचं माहितीपत्रक एप्रिलमध्ये छापायला जातं. त्याआधी अभ्यास मंडळाची एक बैठक होते. त्या बैठकीला बोलावलंत तर मी रजा टाकून येईन, बाईंच्या त्या वह्यांच्या प्रती घेऊन येईन. मराठी आणि स्पॅनिश वाक्यं समोरासमोर मांडलेलं चाळीस पानांचं टिपण मी केलं आहे, ते विभागाला देईन. त्याचा मोबदला नको.

आणि त्या वर्षीच्या अकरा अर्जदारांपैकी पाच जणांशी माझा अजून संपर्क आहे. एक जण शाळेत शिकवतो, एकजण बँकेत आहे, दोघी आयटीत, एकीला लहान बाळ आहे. मागच्या रविवारी मी सगळ्यांना विचारलं. वर्ग संध्याकाळी साडेसहानंतर किंवा शनिवारी असेल तर पाचही जण पुन्हा शुल्क भरायला तयार आहेत. आठांच्या अटीत आता तीनच कमी आहेत.

आपली,
विदेशी भाषा विभागाची एक माजी विद्यार्थिनी